सही करण्यापूर्वी
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'बँक आणि आपण' असा विषय दिला होता. मी सचिवांना म्हटलं, बँकेबद्दल बोलायला लागलो तर लोक उठून जातील, आणि जाताना लॉकर का मिळत नाही म्हणून माझ्यावरच रागावतील. त्यापेक्षा आपल्या सोसायटीत ज्याची खरोखर गरज आहे असं काहीतरी बोलतो. ए विंगमध्ये चार, बी विंगमध्ये सहा आणि आमच्या सी विंगमध्ये तीन घरं अशी आहेत की ज्यांतलं कोणी ना कोणी दुबई, शारजा, मस्कत किंवा दम्मामला आहे. मी हे मोजलं ते वर्गणी गोळा करताना. म्हणून आजचा विषय असा: परदेशातली नोकरी सोडून येताना जे पैसे आपले असतात, ते पूर्ण कसे पदरात पाडून घ्यायचे.

माझा या विषयाशी संबंध जुना आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात खेडच्या शाखेत काढली. त्या भागात प्रत्येक वाडीतला एखादा तरी 'बाहेर' असायचाच. तेव्हा एक्स्चेंज हाउसचे ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने यायचे. गावच्या बाया ते पाकीट पदरात गुंडाळून शाखेत घेऊन यायच्या आणि काउंटरवर ठेवून विचारायच्या, "साहेब, किती आहेत?" ड्राफ्टवरचा आकडा वाचून दाखवणं हे माझं काम. पुढे तिथलाच एक शब्द कानावर पडायला लागला, 'कॅन्सल होऊन आला'. म्हणजे व्हिसा रद्द करून कायमचा परत आला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला, "हिसाब किती मिळाला?"

हा हिसाब म्हणजेच नोकरीच्या अखेरीची देणी. त्यातली मोठी रक्कम ग्रॅच्युइटीची. शिवाय शिल्लक रजेचा पगार, चालू महिन्याचा पगार, नोटिशीचे पैसे आणि परतीचं तिकीट.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मी माझ्या धाकट्या भावाची परवानगी घेतली आहे. तो आज चिपळूणहून मुद्दाम आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. काल रात्री त्याला विचारलं तर म्हणाला, "सांग दादा, माझं नाव नको घेऊस म्हणजे झालं."

तो १९९७ साली अमिरातीत गेला. एका बांधकाम साहित्याच्या कंपनीत स्टोअरकीपर. बारा वर्षं एकाच ठिकाणी. २००९ च्या सुरुवातीला तिकडे मंदी आली, बांधकामं अर्धवट थांबली, आणि कंपनीने माणसं कमी करायला घेतली. त्यात त्याचं नाव आलं. त्याच आठवड्यात इकडे आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून त्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, कंपनी आत्ता नऊ हजार दिरहम देतेय. बाकीचे दोन महिन्यांनी भारतातल्या खात्यावर पाठवतो म्हणतात. पण कागदावर सगळे मिळाले अशी सही मागतायत. त्याशिवाय व्हिसा कॅन्सल होत नाही, पासपोर्ट मिळत नाही."

मी त्याला काय सांगितलं? "सही कर आणि ये. पैसे काय, मागून येतील."

मी तेव्हा बँकेत तीस वर्षं नोकरी केलेला अधिकारी होतो. माझ्या शाखेत कॅशियरने रक्कम हातात देण्याआधी कोणाकडून 'पैसे मिळाले' अशी सही घेतली असती, तर मी त्याला मेमो दिला असता. आणि सख्ख्या भावाला मी नेमकं तेच करायला सांगितलं.

हिशेब सांगतो. त्याचा अखेरचा मूळ पगार, ज्याला तिकडे सगळे बेसिक म्हणतात, तो २,४०० दिरहम. तिथे बेसिकला ३० ने भागून दिवसाचा पगार काढतात, म्हणजे ८० दिरहम. पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवस, म्हणजे १०५ दिवस. पुढच्या सात वर्षांना दरवर्षी ३० दिवस, म्हणजे २१० दिवस. एकूण ३१५ दिवस गुणिले ८०, झाले २५,२०० दिरहम. मिळाले ९,०००. राहिले १६,२००. त्या वेळच्या भावाने दोन लाखांच्या वर.

दोन महिने झाले, चार झाले. फोन केला की कंपनीचा माणूस गोड बोलायचा. "अकाउंट्समध्ये आहे, पुढच्या आठवड्यात." माझा भाऊ भिडस्त. बारा वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावर तक्रार कशी करायची, असं त्याचं. आणि मीही त्याला सांगत राहिलो की कंपनी मोठी आहे, बुडवणार नाहीत. चौदाव्या महिन्यात फोन उचलणं बंद झालं. मग एका ओळखीच्या माणसामार्फत तिकडच्या वकिलाला विचारलं. त्याने दोनच प्रश्न विचारले. नोकरी संपून किती दिवस झाले? आणि सही केली आहे का? तेव्हाच्या कायद्यात दावा करायची मुदत एक वर्षाची होती. ती उलटून दोन महिने झाले होते.

आई पुढे चालायला लागली, तेवढं एक बरं झालं. पण त्या दोन लाखांत चिपळूणच्या घराची माडी होणार होती. ती आजही झालेली नाही. भाऊ मला कधी एका शब्दाने बोलला नाही. वहिनी मात्र बोलल्या, एकदाच, आणि त्यांचं बरोबर होतं.

म्हणून निवृत्तीनंतर मी हा विषय नीट वाचायला घेतला. आता थोडं कायद्याचं सांगतो. कंटाळवाणं आहे, पण चहाला अजून वेळ आहे.

अमिरातीत १९८० चा जुना कामगार कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आणि तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. ग्रॅच्युइटीचं मूळ गणित तेच राहिलं, म्हणजे पहिल्या पाच वर्षांना २१ दिवस आणि पुढच्या वर्षांना ३० दिवस. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराच्या वर जात नाही. किमान एक वर्ष सलग नोकरी व्हायला हवी. ते झालं की पुढच्या अपुऱ्या वर्षाचेही त्या प्रमाणात पैसे मिळतात. आमच्या वेळी इथे १९७२ च्या कायद्यात पाच वर्षं पूर्ण व्हावी लागायची आणि भागाकार २६ ने व्हायचा. त्यामुळे इथला हिशेब डोक्यात ठेवून तिकडचा आकडा काढू नका. मी सुरुवातीला तीच चूक केली होती.

मोठा बदल झाला तो राजीनाम्याबाबत. जुन्या कायद्यात पाच वर्षांच्या आत स्वतःहून नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी कापली जायची. करार कोणत्या प्रकारचा आहे त्यावर एकतृतीयांश, दोनतृतीयांश किंवा काहीच नाही. नव्या कायद्यात राजीनामा दिला म्हणून कपात होत नाही. तरीसुद्धा जुनी माणसं नव्या पोरांना सांगत असतात, "पाच वर्षं काढ, नाहीतर पैसे बुडतील." हे आता खरं नाही. नोटीस मात्र पूर्ण द्यावी लागते, करारात असेल त्याप्रमाणे ३० ते ९० दिवस. न देता निघालात तर तेवढ्या दिवसांचा पगार भरून द्यावा लागतो.

नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत मालकाने सगळी देणी द्यायची, असं नवा कायदा सांगतो. दिली नाहीत तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करायची. ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. त्याच्या वरचं प्रकरण समेट झाला नाही तर कोर्टात जातं, आणि एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी पडत नाही. दाव्याची मुदत २०२४ च्या दुरुस्तीने एक वर्षाची दोन वर्षं झाली आहे, आणि ती मोजायची नोकरी संपल्या दिवसापासून. ही दुरुस्ती मी वाचली तेव्हा पहिला विचार आला तो चौदाव्या महिन्याचा.

आता बेसिक. सगळी गोम इथे आहे. पगार सात हजार म्हणून पोरगा घरी सांगतो, आईबाप सात हजारांवर हिशेब मांडतात. पण ग्रॅच्युइटी सात हजारांवर मिळत नाही. घरभाडं, प्रवास, फोन, असले भत्ते वजा करून जो मूळ पगार करारात लिहिलेला असतो, त्यावरच मिळते. कंपनीने दहा वर्षांत पगार दुप्पट केला, पण वाढ सगळी भत्त्यांत टाकली आणि बेसिक तिथेच ठेवलं, तर ग्रॅच्युइटी वाढत नाही. म्हणून पगारवाढीचं पत्र आलं की एकूण आकडा पाहून पेढे वाटण्याआधी बेसिक किती वाढलं ते पाहा. आणि मंत्रालयात नोंदलेल्या करारात बेसिक किती आहे तेही पाहा. ऑफर लेटरमध्ये एक आणि नोंदलेल्या करारात दुसरं, असं झालेलं मी स्वतः कागदावर पाहिलं आहे.

सौदी अरेबियाचं वेगळं आहे, हे तिकडच्या कुटुंबांसाठी सांगतो. तिथे पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्धा महिना आणि पुढे दरवर्षी एक महिना, पण हिशेब नुसत्या बेसिकवर नाही, घरभाड्यासारखे नियमित भत्ते धरून अखेरच्या पगारावर होतो. राजीनामा दिला तर मात्र तिथे अजून कात्री आहे. दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एकतृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोनतृतीयांश, दहा वर्षं झाली की पूर्ण. साडेनऊ वर्षांनी कोणी राजीनामा देत असेल तर त्याला जरा सहा महिने दम धरायला सांगा. ओमानमध्ये २०२३ च्या नव्या कायद्याने दरवर्षी एक महिन्याचं बेसिक झालं आहे. थोडक्यात, शारजाच्या मावसभावाने सांगितलेलं दम्मामला चालत नाही.

दोन वर्षांपूर्वीचं आपल्याच सोसायटीतलं उदाहरण. बी विंगमधला मुलगा, लहानपणी माझ्या स्कूटरची हवा सोडणाऱ्यांपैकी एक. दुबईत एका लॉजिस्टिक्स कंपनीत होता, राजीनामा देऊन पुण्यात नोकरी घेतली. त्याच्या आईने मला सांगितलं, "काका, जरा बघा ना त्याचं." आम्ही रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बसलो. तो तिकडे वही घेऊन, मी इकडे पेन्सिल घेऊन. कॅल्क्युलेटर आहे, पण पेन्सिलीने आकडा डोक्यात बसतो.

त्याची नोकरी साडेसहा वर्षांची. पण २०२० मध्ये कोरोनाच्या काळात कंपनीने त्याला दोन महिने बिनपगारी रजेवर ठेवलं होतं. कंपनीने ते दोन महिने वजा केले म्हणून तो चिडला होता. मी त्याला म्हटलं, इथे कंपनीचं बरोबर आहे, बिनपगारी दिवस नोकरीत धरत नाहीत. म्हणजे राहिली सहा वर्षं चार महिने. बेसिक ३,५००. पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या एक वर्ष चार महिन्यांचे ४० दिवस, एकूण १४५. कंपनीच्या कागदावर होते १३३ दिवस. कुठून आले हे आम्हाला वीस मिनिटं कळेना. मग लक्षात आलं की त्यांनी सगळ्याच वर्षांना २१ दिवस लावले होते. बारा दिवसांचा फरक, १,४०० दिरहम. मी त्याला सांगितलं, भांडू नकोस, फक्त हे गणित चार ओळींत ईमेलने पाठव आणि कायद्याप्रमाणे तपासावं अशी विनंती कर. तिसऱ्या दिवशी दुरुस्त कागद आला. चूक मुद्दाम होती की संगणकाची, देव जाणे. पैसे आले.

त्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर 'माझी सर्व देणी मिळाली' असा मजकूर असतो. तो वाच. रक्कम खात्यात दिसल्यावर सही कर. आधीच मागितली तर विनयाने सांग, पैसे जमा होताच पाच मिनिटांत करतो. तो म्हणाला, "काका, एचआरवाली बाई हसेल." म्हटलं, हसू दे. धनादेश मिळाला तर तो वटेपर्यंत पैसे मिळाले असं होत नाही, हे तरी मी ठामपणे सांगू शकतो. हयात त्यातच गेली.

आणखी एक बँकेची गोष्ट. तिकडे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असेल, तर अखेरची मोठी रक्कम खात्यात आली की बँक खातं रोखून धरते. पोरगा विमानतळावर आणि पैसे अडकलेले, असं होतं. म्हणून निघायच्या दोन महिने आधी कर्जाचा निकाल लावा, कार्ड बंद करा आणि बँकेकडून काही देणं नाही असं पत्र घ्या.

पैसे आधी तिथल्या खात्यात घ्यावे आणि तिथून आपल्या एनआरई खात्यावर पाठवावे, आणि हे तिथे असतानाच, विमानात बसण्याआधी करावं. कायमचे परत आलात की परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही निवासी झालात, मग एनआरई खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते साध्या खात्यात बदलून घ्यायचं. आमच्या शाखेत लोक परत येऊन सात-सात वर्षं कळवत नसत, आणि व्याज करमुक्त आहे असं धरून चालत. मग आयकराचं पत्र आलं की आमच्याकडे धावत यायचे. डॉलरमध्ये पैसे ठेवायचे असतील तर परत आलेल्यांसाठी आरएफसी नावाचं खातं असतं, ते मागा. काउंटरवरच्या नवीन मुलाला माहीत नसेल, तर मॅनेजरला विचारा. एफसीएनआर ठेव असेल तर ती मुदतीपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालते, घाईने मोडू नका. आणि मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्याला परत आल्यावर काही काळ करात वेगळा दर्जा मिळतो, तो विवरणपत्र भरताना सीएला आठवण करून द्या. मी सीए नाही, म्हणून इथेच थांबतो.

घरच्या माणसांना, विशेषतः भगिनींना एक सांगायचं आहे. खेडला असताना एक बाई शाखेत आल्या होत्या. नवरा तिकडे कामावर असताना हृदयविकाराने गेला. त्यांच्याकडे त्याचा एक फोटो होता आणि कंपनीचं नाव लिहिलेली टोपी. करार नाही, लेबर कार्डाची प्रत नाही, पासपोर्टची झेरॉक्स नाही. माणूस गेला तरी त्याची ग्रॅच्युइटी जात नाही, ती वारसांची असते. पण मागायची कोणत्या कागदावर? त्यांचे पैसे अखेर आले, वकिलातीच्या मार्फत, पण त्याला किती खेटे पडले ते मी पाहिलं आहे. इथून मुखत्यारपत्र करायचं म्हटलं तरी नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतली अमिरातीची वकिलात आणि पुन्हा तिकडचं परराष्ट्र खातं, इतके शिक्के लागतात. म्हणून करार, लेबर कार्ड, व्हिसा, पगारवाढीची पत्रं आणि रजेच्या नोंदी यांची एकेक प्रत इथे घरात हवी. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका. मोबाइल त्याच्याबरोबर तिकडे असतो, आणि त्याचा पासवर्डही त्यालाच माहीत असतो. भारतीय वकिलातीकडे गाऱ्हाणं नेण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' नावाची व्यवस्था २०१५ पासून आहे, पण तिथेही पहिल्यांदा कागदच विचारतात.

माझ्या भावाने २००९ ची ती सही केलेल्या कागदाची कार्बन कॉपी जपून ठेवली होती. आज येताना ती पिशवीत घालून आणली आहे. कंपनीचं नाव आम्ही काळ्या शाईने झाकलं आहे. ती कंपनी आता नाही, आणि असती तरी आता कोणाला काय सांगणार? पण तो मजकूर वाचण्यासारखा आहे. इंग्रजीत तीन ओळी, अरबीत तीन ओळी, खाली रक्कम लिहायची जागा, आणि ती जागा कोरी. रक्कम न लिहिताच त्याची सही आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांना तो दाखवील.

दर रविवारी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात असतो. ज्यांचं कोणी येत्या वर्षात कॅन्सल होऊन येणार असेल त्यांनी करार आणि शेवटची पगारपावती घेऊन या. पेन्सिल माझ्याकडे आहे. आता सचिव हात वर करतायत, म्हणजे चहा आला. प्रश्न असतील ते चहा घेता घेता विचारा.